सुई, चेहरा आणि अनडू

गेले काही शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलंसुद्धा, "काय रे, रिलीज आहे का?" रिलीज नव्हता. आईचा डावा डोळा होता.

आईला गेली सहा वर्षं हेमिफेशियल स्पाझम आहे. नाव भारदस्त, पण प्रकार असा की चेहऱ्याची एकच बाजू आपोआप फडफडत राहते. आधी पापणी, मग गाल, मग ओठाचा कोपरा. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस मेंदूतून जिथे बाहेर पडते तिथे बहुतेक वेळा शेजारची एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत असते, आणि नस उगाचच सिग्नल पाठवत बसते. आपल्या भाषेत लूज कॉन्टॅक्ट. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. पोरं हसायची ते तिने चालवून घेतलं. पण एकदा मध्यवर्ती बसस्टँडवर एका गृहस्थाचा भलताच गैरसमज झाला, तेव्हापासून ती बाहेर जाताना काळा चष्मा लावायला लागली. आज्जीचं म्हणणं वेगळंच. बाईमाणसाचा डावा डोळा लवणं हा शुभशकुन असतो म्हणे. सहा वर्षं शकुन चालूच आहे, फळ काही मिळालं नाही :-)

यावर नेहमीचा उपाय म्हणजे बोटॉक्सचं इंजेक्शन. हो, तेच सिनेमातल्या लोकांचं. आई दोन वर्षं नको म्हणाली, पण धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला आणि ती तयार झाली. शहरातल्याच एका क्लिनिकमध्ये गेलो (शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर, आज्जीच्या तोंडात अजून औरंगाबादच आहे). पाच मिनिटांत काम झालं. चौथ्या दिवशी फडफड थांबली. आईने आरशासमोर उभं राहून मला हाक मारली आणि नुसतं म्हणाली, "बघ." मी सहा वर्षांनी तिचा चेहरा शांत बघत होतो.

सातव्या दिवशी सकाळी पापणी खाली आली. अर्धा डोळा झाकला. साखरपुड्याला तेरा दिवस राहिले होते.

आज्जीने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, डोळा मिटायलाय की गं. मण्यार चावल्यावानी दिसायलाय."

क्लिनिकला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "होतं बरं असं कधीकधी, जाईल आपोआप." किती दिवसांत, तोपर्यंत काय करायचं, यावर काही नाही. मग मी तेच केलं जे कुठलाही घाबरलेला इंजिनिअर करतो. रात्रभर वाचत बसलो. मी डॉक्टर नाही, तेव्हा हा लेख म्हणजे सल्ला नव्हे. पण वाचता वाचता जो इतिहास सापडला तो मला इतका आवडला की लिहिल्याशिवाय राहवेना.

सुरुवात होते सॉसेजपासून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात लोक सॉसेज खाऊन मरत होते. युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर, जो कवीही होता, त्याने या विषबाधेच्या केसेस गोळा केल्या. १८२० आणि १८२२ साली त्यावर पुस्तकं लिहिली. लक्षणं ओळखीची होती : पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. शुद्ध मात्र शाबूत. या गड्याने तो अर्क थोडा स्वतःवरही वापरून बघितला. आणि मग त्याने एक कमाल विचार मांडला. जे विष नसांचा आवाज बंद करतं, ते अगदी थोडं वापरलं तर उगाच चेकाळलेल्या नसांना शांत करता येईल का? आईचं इंजेक्शन १८२२ साली कागदावर तयार होतं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्ययात्रेनंतर ३४ वादकांनी हॅम खाल्लं. बरेच जण आजारी पडले, तिघे मेले. एमिल व्हान एर्मेंगेमने त्या हॅममधून जंतू वेगळा केला. ‘बोटुलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, म्हणून बोटुलिनम.

हे विष करतं काय? नसेच्या टोकाला छोट्या पुड्या असतात. त्यात ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन भरलेलं असतं. पुडी फुटली की स्नायू आकसतो. पुडी फुटायला काही प्रथिनं लागतात, आणि हे विष त्यांतलं एक प्रथिन कापून टाकतं. सर्व्हर चालू, पण नेटवर्क केबल कापलेली. आणि आज्जी चुकली नव्हती! मण्यारीचं विषही नसेच्या याच टोकावर हल्ला करतं. म्हणूनच मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी पडतात आणि खेड्यातले अनुभवी डॉक्टर आधी तिथेच बघतात. दोन्हीकडे एकदा नुकसान झालं की उतारा ते मागे फिरवू शकत नाही. नसेला नवे धुमारे फुटेपर्यंत थांबावं लागतं. फरक फक्त मात्रेचा आणि जागेचा.

याचं औषध केलं ॲलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञाने. त्याला तिरळेपणा शस्त्रक्रियेशिवाय सरळ करायचा होता. १९७३ साली त्याने माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, १९८० साली माणसांवरचे. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आवळून मिटण्याच्या विकारासाठी. सौंदर्याचा तिथे संबंधच नव्हता. तो आला कॅनडातून. व्हँकुव्हरच्या डॉ. जीन कॅरुदर्स पापण्यांच्या विकारावर हे इंजेक्शन देत होत्या. १९८७ च्या सुमारास एक पेशंट म्हणाली, कपाळावर पण टोचा, तिथे टोचलं की चेहरा शांत दिसतो. जीन यांचे पती ॲलास्टेर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी १९९२ साली निष्कर्ष छापले, २००२ साली एफडीएने भुवयांमधल्या आठ्यांसाठी परवानगी दिली. म्हणजे कॉस्मेटिक बोटॉक्स हा मूळ औषधाचा साइड इफेक्ट आहे! आमच्या आईसारख्या पेशंटकडून उगम पावलेला.

आणि पापणी का पडते? औषध टोचतात डोळ्याभोवतीच्या गोल स्नायूत. ते थोडं पसरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत गेलं की पापणी खाली. टोचण्याची जागा, मात्रा, औषध किती पातळ केलं, सगळ्याचा संबंध येतो. चांगली बातमी ही की या बगला एक्सपायरी डेट आहे. बहुतेक वेळा काही आठवड्यांत पापणी वर येते.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन एका नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे तपासलं आणि विचारलं, "काकू, औषध कोणतं होतं? किती युनिट? टोचलं कुठे कुठे?"

मी आणि आई एकमेकांकडे बघत बसलो. आमच्याकडे फक्त पावती होती. त्यावर लिहिलेलं : इंजेक्शन, आणि रक्कम.

डॉक्टर म्हणाल्या की वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटुलिनमची युनिटं सारखी नसतात. एकाचे पन्नास म्हणजे दुसऱ्याचे पन्नास नव्हेत. मला १९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं यान आठवलं. एका टीमचा हिशोब पौंडात, दुसऱ्या टीमचा न्यूटनमध्ये, आणि यान गेलं. इथे यान म्हणजे आईचा डोळा.

या ‘नोंद’ प्रकरणाचा सगळ्यात मोठा धडा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे, म्हणून थोडं आडवळण घेतो. वाल्देमार हाफकिन हे नाव परळच्या हाफकिन संस्थेमुळे माहीत असतं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिनने काही महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, लस तयार व्हायला लागली आणि देशभर जायला लागली.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस दिली. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचलं ते १९ जण, सगळेच्या सगळे, धनुर्वाताने मेले. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही. धनुर्वाताचं विष म्हणजे बोटुलिनमचा सख्खा चुलतभाऊ. बोटुलिनमचा बी प्रकार आणि धनुर्वात, दोघेही तेच प्रथिन अगदी त्याच जागी कापतात. एक नसेच्या टोकाला बसतो म्हणून स्नायू सैल पडतात. दुसरा पाठीच्या कण्यात जाऊन ब्रेक काढून टाकतो म्हणून जबडा आवळतो, शरीर धनुष्यासारखं वाकतं.

खापर हाफकिनवर फुटलं. चौकशीत म्हटलं गेलं की बाटली उघडण्याआधीच दूषित होती, म्हणजे चूक परळची. हाफकिनला पद गमवावं लागलं. पण बाटलीला नंबर होता, ५३-एन. ती कधी भरली याची नोंद होती. गावात ती कशी उघडली याचीही साक्ष होती. बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. मलेरियावाले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा पुरावा मांडला, आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाला. पाच वर्षं लागली. १९२५ साली संस्थेला त्याचं नाव दिलं.

मला यात भिडलं ते हे : १९०२ साली, प्लेगच्या धामधुमीत, पंजाबातल्या एका खेड्यात टोचलेल्या बाटलीचा नंबर लोकांना माहीत होता. नंबर होता म्हणून १०७ पैकी नेमके १९ वेगळे काढता आले. आणि मी, रोज लॉग वाचून पोट भरणारा माणूस, आईच्या चेहऱ्यात काय गेलं हे न विचारता पावती खिशात घालून बाहेर आलो. क्लिनिकची चूक होतीच, पण माझीही होती.

असो. डॉक्टरांनी थेंब दिले. अशा वेळी ॲप्राक्लोनिडिनसारखे थेंब वापरतात. पापणीत म्युलरचा स्नायू म्हणून एक छोटा स्नायू असतो. त्याची वायरिंग वेगळी, रसायन वेगळं, त्यामुळे बोटुलिनम त्याला पकडत नाही. थेंबांनी तो जोर लावतो आणि पापणी एक-दोन मिलिमीटर वर येते. ऐकायला काहीच नाही, पण बुबुळावरून एक-दोन मिलिमीटर पडदा सरकणं म्हणजे काय ते आईला विचारा. दुसरा सल्ला डोळा कोरडा पडू न देण्याचा, कारण पापणी नीट लवली नाही तर बुबुळाला इजा होते. आणि एक ताकीद : गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर फोन करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात जा. औषध दूरवर पसरण्याच्या या धोक्याबद्दल एफडीएने २००९ पासून ठळक चौकटीत इशारा छापायला लावला आहे.

आता बहिणीचं. आईच्या गडबडीत तिने गुपचूप ओठांना फिलर करायची अपॉइंटमेंट घेतली होती. घरात भूकंप झाला. आई म्हणाली, "माझा डोळा बघ आणि मग जा." बहीण म्हणाली, "ते वेगळं, हे वेगळं." वैतागाने का होईना, पण ती बरोबर होती. बोटुलिनम स्नायू सैल करतं, फिलर खड्डा भरतो. त्याचा इतिहास वेगळा आहे आणि जास्त भीषण.

१८९९ साली व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनीने व्हॅसलिनसारखं मऊ पॅराफिन माणसात टोचलं. काही वर्षांत युरोप-अमेरिकेत पॅराफिनची लाट आली. बसकी नाकं, सुरकुत्या, सगळीकडे मेण. मग ते मेण सरकायला लागलं. गाठी झाल्या, काहींच्या रक्तवाहिनीत जाऊन दृष्टी गेली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली गाजलेली सुंदरी, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तिने विशीत नाकाचा पूल सरळ करायला मेण भरून घेतलं. ते हनुवटीकडे उतरलं. १९७७ पर्यंत जगली ती, तोच चेहरा घेऊन. गाठी आजूबाजूच्या मांसात इतक्या गुंतायच्या की कापून काढणं म्हणजे चेहराच कापणं.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि पुढे अमेरिकेत द्रवरूप सिलिकॉन आलं. तीच गोष्ट. गाठी कधी दहा-वीस वर्षांनी उगवायच्या. नेव्हाडा राज्याने १९७० च्या दशकात ते टोचणं गुन्हा ठरवलं. १९८१ साली गाईच्या कोलॅजेनला मान्यता मिळाली. ते निदान विरघळायचं, पण काहींना ॲलर्जी व्हायची, म्हणून आधी हातावर टेस्ट करून काही आठवडे थांबावं लागायचं. घाईत असलेल्या दुनियेला हे कुठलं परवडायला!

डिसेंबर २००३ मध्ये एफडीएने हायलुरोनिक ॲसिडच्या फिलरला परवानगी दिली, आणि इथे गोष्ट बदलली. कारण याचा उतारा पंचाहत्तर वर्षं आधीच सापडून बसला होता. १९२८ साली दुरान-रेनाल्स या शास्त्रज्ञाला दिसलं की वृषणाचा अर्क मिसळला की विषाणू त्वचेत झपाट्याने पसरतात. त्याला ‘पसरवणारा घटक’ म्हणायचे. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातून हायलुरोनिक ॲसिड वेगळं केलं. १९४० च्या सुमारास पेनिसिलिनवाले अर्न्स्ट चेन आणि सहकाऱ्याने दाखवलं की तो पसरवणारा घटक म्हणजे हेच ॲसिड तोडणारं एन्झाइम, हायलुरोनिडेज. मधमाशीच्या आणि सापाच्याही विषात ते असतं, म्हणून तर विष भराभर पसरतं. आपल्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देतात, त्यात भूल पसरावी म्हणून हे मिसळायची पद्धत जुनी आहे. आज्जीच्या मोतीबिंदूच्या वेळी बहुधा तिलाही मिळालं असेल. तेच औषध फिलरवर टाकलं की फिलर विरघळतो. जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेदने ओठांतले फिलर विरघळवतानाचा स्वतःचा व्हिडिओ टाकला होता तो आठवत असेल. ओठ सुजून फुगलेले. अनडूचं बटण आहे, पण ते दाबणंही फुकट नाही. ज्यांना मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी तर ते आधीच सांगायला हवं.

सुजेचं ठीक आहे, ती उतरते. खरा धोका वेगळा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. त्वचा पांढरी पडते, मग जांभळट जाळी दिसते, ठणका लागतो. नाक, भुवयांमधली जागा, डोळ्यांखालचा भाग इथे तर डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडणी आहे. डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटला तर हातात असतात ती मिनिटं, दिवस नव्हेत. आणि उतारा देऊनही दृष्टी परत येईलच असं नाही. बर्फ लावून सकाळपर्यंत वाट बघणं हा इथे उपाय नाही.

मी बहिणीला एवढंच म्हणालो, "जा खुशाल. पण फोन करून विचार की हायलुरोनिडेज तुमच्या फ्रीजमध्ये आत्ता आहे का."

तिने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने आधी नावच दोनदा विचारलं. मग म्हणाली, "लागलं तर मागवून घेतो ना मॅडम."

बहिणीने फोन ठेवला. दोन मिनिटं काही बोलली नाही. मग अपॉइंटमेंट रद्द केली. कायमची नाही बरं का, "आधी नीट जागा शोधते" म्हणाली. मला ते पटलं. सुईची भीती बाळगून काय मिळणार? या एका सुईने आईला सहा वर्षांनी तिचा चेहरा दिला होता.

प्रॉडक्शनला काही टाकण्याआधी आपण रोलबॅक प्लॅन विचारतो. नसेल तर मॅनेजर रिलीज अडवतो आणि आपण त्याला मनात शिव्या घालतो. गेर्सुनीकडे रोलबॅक नव्हता, सिलिकॉनवाल्यांकडे नव्हता. आज आहे. शंभर वर्षांत किती जणांचे चेहरे गेले तेव्हा कुठे तो मिळाला. तो न विचारताच खुर्चीत बसायचं म्हणजे त्या सगळ्यांचं भोगणं वाया घालवायचं. तेव्हा काय टोचताय, बॅच नंबर काय, किती, बिघडलं तर तुमच्याकडे काय आहे, आणि रात्री अकराला फोन कोण उचलणार, हे विचारा. चिडणाऱ्या डॉक्टरकडून उठून या. पार्लरमध्ये तर बसूच नका.

साखरपुडा झाला. पापणी तोपर्यंत अर्धी वर आली होती. आईने फोटोत काळा चष्मा लावला नाही. मी आग्रह केला नव्हता, तिचं तिनेच ठरवलं. पाचव्या आठवड्यात डोळा पूर्ण उघडला.

अडचण एवढीच की औषधाची एक्सपायरी दोन्हीकडून असते. तीन-चार महिन्यांत फडफडही परत येणार. परवा जेवताना आईचा गाल किंचित हलला. सगळ्यांना दिसलं, कोणीच बोललं नाही. ताट उचलताना आईच म्हणाली, "त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घे. आणि हे बघ."

तिने शाळेतली जुनी शंभर पानी वही काढली होती. पहिल्या पानावर मास्तरीण अक्षरात रकाने आखलेले : तारीख, औषधाचं नाव, बॅच नंबर, युनिट, कुठे टोचलं, काय झालं. पहिल्या ओळीत तारीख होती, पुढचे तीन रकाने रिकामे, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पापणी पडली. ३५ दिवसांनी उघडली.’

पुढच्या गुरुवारी जातोय. वही बरोबर आहे.